अर्जातले रकाने कोणी आखले?

प्रश्न असा आला आहे: "ताई, समाजकार्याचं शिक्षण पूर्ण करून मी नाशिकमध्ये एका समुपदेशन केंद्रात रुजू झाले. अभ्यासात पितृसत्ता, श्रमविभागणी, जात आणि लिंगभाव असं बरंच वाचलं. केंद्रातले ज्येष्ठ म्हणतात, पुस्तकं घरी ठेवून ये, समोरची बाई बघ. विद्यापीठातल्या मैत्रिणी म्हणतात, तुम्ही नुसत्या तडजोडी करून देता, त्यात स्त्रीवाद कुठे आहे? सिद्धांत आणि प्रत्यक्ष काम यांचा नेमका संबंध काय? मी पीएच.डी. करू की हेच काम करत राहू?"

तुझे ज्येष्ठ अर्धं बरोबर सांगतात. समोरची बाई बघायचीच आहे. पण आपण तिच्यातलं काय बघतो आणि काय आपल्याला दिसतच नाही, हे कशावरून ठरतं, तो प्रश्न ते सोडून देतात. शहरात समुपदेशन आणि दिंडोरी-निफाड पट्ट्यात शेतमजूर बायकांचे गट, असं काम मी बरीच वर्षं करते आहे. सिद्धांत न मानणारं केंद्र मी आजवर पाहिलेलं नाही. महिनाअखेरीच्या अहवालात "समेट" किती झाले हा आकडा यश म्हणून वर जातो, तिथे एक सिद्धांत काम करत असतो: घर टिकलं की बाईचं भलं झालं. तो कोणी मांडलेला नसतो, त्यामुळे त्याला कोणी प्रश्नही विचारत नाही. नांदायला परत पाठवलेली बाई सहा महिन्यांनी हात मोडून आली, तरी पहिल्या अहवालातला समेट तसाच राहतो. पुस्तकं घरी ठेवली म्हणून डोकं रिकामं होत नाही. जुनी शिकवण तेवढी उरते.

याचा पुरावा तुझ्या टेबलावरच आहे. पहिल्या भेटीत भरून घेतो तो अर्ज काढ. जुन्या नमुन्यात "वादाचे कारण" असा एका ओळीचा रकाना असतो. त्यात लिहिलं जातं: दारू. संशय. सासूशी पटत नाही. मोबाइल. रकान्यात मावतो एकच शब्द आणि त्या शब्दावर पुढचं सगळं ठरतं. दारू लिहिलं की व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता द्यायचा, संशय लिहिलं की दोघांना समोरासमोर बसवायचं. पण त्या दारूच्या बाईला एवढंच विचारून बघ: प्यायल्यावर तो मुकादमाला मारतो का? शेजाऱ्याला? दुकानदाराला? बहुतेक बायका क्षणभर थांबतात आणि म्हणतात, नाही, बाहेर गपगार असतो. म्हणजे घराचा उंबरा ओलांडेपर्यंत त्याला हात आवरता येतो. कोणावर हात उचललेला चालतो हे त्याला प्यायलेला असतानाही नीट कळतं. "हिंसा हा रागाचा झटका नसून सत्तेचा वापर आहे" हे वाक्य तू परीक्षेत लिहिलं असशील. त्याचं काम इथे आहे, या एका प्रश्नात.

आमच्याकडे अर्ज बदलत गेला तो असाच. आता आम्ही विचारतो: घर कोणाच्या नावावर आहे? सातबाऱ्यावर कोण? मजुरी हातात मिळते की खात्यात, आणि एटीएम कार्ड कोणाकडे असतं? रेशनकार्डावर तुमचं नाव चढलं का? माहेरी हक्कसोड करून दिलंय का, म्हणजे वडिलांच्या मिळकतीतला हिस्सा सोडल्याची सही केली आहे का? पहिल्यांदा मारलं तेव्हा घरात काय चाललं होतं? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे: दिवस गेले होते, पहिला पगार झाला होता, माहेरी जायचं म्हणाले होते. दारू किंवा मोबाइल हे शब्द त्यात क्वचित येतात.

हक्कसोडीचं जरा सविस्तर सांगते, कारण नवे कार्यकर्ते तिथेच सगळ्यात जास्त अडतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात आणला, देशभर तो २००५ मध्ये आला. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि तरीही नाशिकसारख्या जिल्ह्यात, जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, बायका भावाबरोबर निबंधक कार्यालयात जाऊन सही करून येतात. आपण म्हणतो, अज्ञान. मग कायद्याची माहिती द्यायचं शिबिर घेतो. शिबिरातून घरी जाऊन त्या सही करतात.

डेनिझ कांदियोती या तुर्की अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये एक मांडणी केली. पितृसत्तेत बायका निमूट बसलेल्या नसतात, त्या तिच्याशी सौदा करत असतात: काय सोडायचं आणि त्याच्या बदल्यात कोणतं संरक्षण पदरात पाडून घ्यायचं. हे वाचल्यावर हक्कसोड करणाऱ्या बाईशी माझं बोलणंच बदललं. "तुमचा कायदेशीर हक्क आहे" इथून सुरुवात न करता मी विचारते, "सही नाही केली तर माहेरी काय होईल?" उत्तर तयार असतं: दार बंद होईल. नवऱ्याने रात्री बाहेर काढलं तर जायला दुसरी जागा नाही, भाऊ आणि वहिनी दोघांशी तिला बरं ठेवावंच लागतं. ती एकराच्या हिश्शाच्या बदल्यात आसरा विकत घेते आहे. हिशोब तिचा पक्का आहे, तिच्यासमोर दुसरा पर्याय नाही एवढंच. मग कामही तिथे करायचं: सासरच्या घरात राहायचा तिचा हक्क आधी पक्का कर, खात्यात चार पैसे पडू देत, त्यानंतर हक्कसोडीचं बोलणं काढ. सुनेला जाच करणारी सासूही याच मांडणीतून समजते. तरुणपणी सोसलं त्याची भरपाई म्हणून म्हातारपणी घरात तिचा शब्द चालतो, आणि सून मुलाच्या फार जवळ गेली तर तो शब्दही जाईल, ही भीती तिला असते. समजलं म्हणून तिचा जाच माफ होत नाही. पण "बाईच बाईची वैरी" म्हणून फाईल बंद करायची सवय सुटते.

आता उलट बाजू. सिद्धांत वरून येतो आणि आपण खाली राबवतो, असं विद्यापीठातल्या तुझ्या मैत्रिणींना वाटत असेल तर त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवडची गोष्ट सांग. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेने तिथे महिलांचं अधिवेशन भरवलं आणि गावोगावच्या शेतकरी बायका प्रचंड संख्येने आल्या. संघटनेचे नेते शरद जोशी यांचा अर्थशास्त्रीय विचार त्यामागे होता हे खरं, पण आधीच्या शिबिरांमधून बायका स्वतःच्या तोंडाने जे बोलल्या त्याने तो विचार वळवला. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायचा, आणि शंभर घरांनी असं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. बायकांच्या जमीनहक्काची सर्वात भक्कम सैद्धांतिक मांडणी बीना अगरवाल यांच्या पुस्तकात झाली, ते आलं १९९४ मध्ये. चांदवडच्या बायका आठ वर्षं पुढे होत्या.

पण म्हणून पुस्तक उशिरा आलं, त्याचा उपयोग नाही, असं म्हणू नकोस. अगरवाल यांनी जमीन नावावर असणं आणि जमीन ताब्यात असणं यात फरक केला. हा फरक हातात आला की लक्ष्मीमुक्तीच्या सातबाऱ्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो. बाईचं नाव लागलं, छान झालं. पण कांदा लासलगावला कधी न्यायचा हे कोण ठरवतं? विकलेल्या मालाची पट्टी कोणाच्या हातात पडते? सोसायटीचं कर्ज तिच्या नावावर काढून पैसा कोणी वापरला? आमच्या अर्जात जमिनीच्या प्रश्नाला दोन रकाने आहेत, नाव आणि निर्णय, ते यातूनच आले. प्रदीप पांडा आणि अगरवाल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला केरळातला अभ्यासही जवळ ठेव. जमीन नाही आणि घरही नाही अशा बायकांपैकी ४९ टक्क्यांनी दीर्घकाळच्या शारीरिक हिंसेची नोंद दिली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. मालमत्तेचं काय विचारता, आपण समुपदेशक आहोत, असं कोणी म्हणालं तर मी हा आकडा पुढे करते. वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायची तरतूद आहे. सुरगाणा, पेठ या आदिवासी भागात काम करायला गेलीस तर तिथेही नाव आणि निर्णय हे दोन वेगवेगळे प्रश्न विचार.

कायद्याचीही वाट अशीच वळणावळणाची आहे. गडचिरोलीच्या मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला, त्यातल्या पोलिसांना सोडणाऱ्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच साली सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारं कलम ४९८अ आलं. आज ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. त्या कलमाखाली गुन्हे नोंदवता नोंदवता कार्यकर्त्यांना बायकांकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली: त्याला आत टाकून मला काय मिळणार, मला घरात राहू द्या आणि मारणं थांबवा. या ऐकण्यातून कौटुंबिक हिंसाचारविरोधी दिवाणी कायदा घडला, २००५ चा. सामाईक घरात राहण्याचा हक्क हा त्याचा कणा. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ इतका आकुंचित केला की सासऱ्याच्या नावावरचं घर त्यातून निसटलं. आपल्याकडे सिडकोतल्या घरांपासून गावातल्या वाड्यांपर्यंत बहुतेक घरं सासऱ्याच्याच नावावर असतात, तेव्हा चौदा वर्षं किती बायकांना दारातून परत जावं लागलं असेल याचा विचार कर. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने तो अर्थ दुरुस्त केला. आता तुझ्याकडे आलेल्या बाईला "घर सासऱ्याचं आहे, तुमचा हक्क नाही" असं कोणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे हे ठामपणे सांग.

जातीबद्दल तू लिहिलं आहेस म्हणून एक प्रकारचं प्रकरण सांगते, ते वारंवार येतं. आंतरजातीय लग्न. मुलगी दलित, सासर वरच्या जातीचं. तिला स्वयंपाकघरात वेगळा तांब्या, देवघरात जायचं नाही, आणि भांडण झालं की सासूच्या तोंडी जात. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न विचारतात: तक्रार घरगुती आहे की जातीची? ॲट्रॉसिटी कायद्यातलं जातिवाचक अपमानाचं कलम "लोकांच्या नजरेसमोर" घडलेल्या गोष्टीला लागतं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेली शिवीगाळ त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. आणि घरगुती म्हणून नोंद केली तर जात गळते, उरतं "सासूशी पटत नाही". ती बाई दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत पडते.

अमेरिकेत जनरल मोटर्समधल्या काळ्या कामगार बायकांचं असंच झालं होतं. कंपनीने १९६४ च्या आधी एकही काळी बाई घेतली नव्हती. मंदी आल्यावर शेवटी आलेल्यांना आधी काढलं, तेव्हा नंतर घेतलेल्या काळ्या बायकांची नोकरी गेली. न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं की वंशभेदाची तक्रार करा किंवा लिंगभेदाची करा, दोन्हींची मोट बांधता येणार नाही. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेली आंतरछेदिता, म्हणजे वंश, लिंग असे अन्याय एकमेकांत गुंतून एकाच बाईवर येतात ही मांडणी, या खटल्यातून निघाली आहे. तुला ती अभ्यासात जड वाटली असेल, पण तिचा जन्म नोकरी गेलेल्या बायकांच्या फाईलमधला आहे. आणि आपल्याला तर तिच्याही आधी डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात दाखवलं होतं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, म्हणजे बाईवर ताबा ठेवून. तो वेगळा तांब्या एकाच वेळी जातीचा आणि घरचा असतो.

कामात याचं करायचं काय? घरगुती हिंसेचा अहवाल भरताना शाब्दिक व भावनिक अत्याचाराच्या भागात जातिवाचक शब्द जसेच्या तसे लिही. कोण बोललं, कधी, समोर कोण होतं. "अपशब्द वापरले" असं सभ्य करून लिहू नकोस. दारात, ओट्यावर, शेजाऱ्यांसमोर असं काही घडलं का हे वेगळं विचार, कारण तसं असेल तर ॲट्रॉसिटी कायदाही लागतो. फक्त "नवरा-बायकोचं भांडण" पाहणाऱ्या समुपदेशकाला हा प्रश्नच सुचत नाही.

सगळ्यात जास्त शिकले ती द्राक्षबागेत. दिंडोरीकडे हंगामात पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या येतात. फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, ही कामं मुख्यतः बायकांची. विरळणी म्हणजे काय ते जवळून बघ. मान वर, हात डोक्याच्या वर, एका हातात घड आणि दुसऱ्या हातात बारीक कात्री. कोणता मणी ठेवायचा आणि कोणता कापायचा हे दर क्षणी ठरवायचं, कारण निर्यातीचा माल मण्याच्या आकारावर पास होतो. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं की तो डागाळतो. एवढं कसबी काम, पण त्याला "हलकं" म्हणतात आणि बाईचा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, पण तो सारख्या कामाला सारखा दाम म्हणत होता, आणि त्याच्या जागी आता आलेली वेतन संहिताही तेच म्हणते. इथे कामच असं वाटलेलं आहे की फवारणी आणि छाटणी पुरुषांची, विरळणी बायकांची, त्यामुळे तुलनेला सारखं काम उरतच नाही. कौशल्य कशाला म्हणायचं हे काम कोण करतो यावरून ठरतं, हा स्त्रीवादी अर्थशास्त्राचा मुद्दा. बागायतदाराशी बोलायला बसलो तेव्हा आम्ही "समान वेतन" हा शब्द काढलाच नाही. विरळणी बिघडली तर किती माल निर्यातीतून बाद होतो, हे त्यालाच सांगायला लावलं. रोजाचं बोलणं तिथून सुरू झालं.

पण त्याच गटातल्या बायकांची पहिली मागणी रोजाची नव्हती. त्या म्हणाल्या, टेम्पो पाचला सोडा. आमच्यातल्या काहींना ही मागणी किरकोळ वाटली, मजुरीसारख्या मोठ्या प्रश्नाला बगल दिल्यासारखी. मला ती किरकोळ वाटली नाही. सातला घरी पोचणारी बाई पाणी, भाकरी, पोरं उरकून अकराला पाठ टेकते आणि पहाटे पुन्हा उठते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका रोज २९९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. घरातलं बिनमोल काम आणि बाहेरची मजुरी ही एकाच दिवसातून कापली जातात, हे त्या बायकांनी टेम्पोच्या वेळेतून सांगितलं. पुढे त्यांनी उक्तं काम, म्हणजे रोजाऐवजी पूर्ण कामाचे पैसे ठरवून, घ्यायला सुरुवात केली. पैसे वाढले, वेळही वाचला, आणि टोळीतल्या वयस्क बायका मागे पडू लागल्या, कारण उक्त्यात वेग लागतो. त्या मावशांचं काय, यावर गटात अजून एकमत नाही. कुठल्याही पुस्तकात मला याचं तयार उत्तर मिळालेलं नाही. गटातल्या बायकाच एखाद दिवशी ते शोधतील, आणि तेव्हा कोणीतरी ते लिहून ठेवायला हवं.

तुझ्या मैत्रिणींच्या आक्षेपात तथ्य आहे, पण तडजोड या गोष्टीवर त्या सरसकट फुली मारतात ते मला मान्य नाही. बाई परत जायचं म्हणते तेव्हा तिला थांबवणं हे आपलं काम नव्हे. ती कोणत्या अटींवर परत जाते, ते लेखी आहे का, संरक्षण अधिकाऱ्याला माहीत आहे का, पुन्हा हात उगारला तर रात्री कोणाला फोन करायचा हे ठरलं आहे का, यावर माझ्या लेखी ती तडजोड स्त्रीवादी आहे की नाही हे ठरतं. सिद्धांत शिकून आलेल्या मुली कधीकधी बाईला तिच्याच आयुष्याचा अर्थ समजावून सांगू लागतात. "तुमच्यात पितृसत्ता मुरली आहे" असं ऐकून बाई घरी जाते ती परत येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याच्या जवळपास बायका, ४५ टक्के, नवऱ्याने काही कारणाने मारणं योग्य मानतात. पुरुषांतही प्रमाण जवळपास तेवढंच, ४४. तुझ्यासमोर बसलेली बाई त्या निम्म्यांतली असू शकते आणि तरीही तिला मदत हवी असते. आधी मदत. तिचं मत तिच्या गतीने बदलेल, किंवा नाही बदलणार.

पीएच.डी.चं म्हणशील तर घाई करू नकोस. दोन-तीन वर्षं केंद्रात काढ आणि रोज संध्याकाळी फायलीपासून वेगळ्या वहीत एवढंच लिही: आज कोणती गोष्ट कुठल्याच रकान्यात बसली नाही. नावं-गावं लिहायची नाहीत. त्या वहीतून विषय मिळाला तर विद्यापीठात जा, आणि जाशील तेव्हा आठवड्यातला एक दिवस केंद्रासाठी राखून ठेव. मराठीत लिही. ताराबाई शिंदे यांनी सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून पेटून १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं ते मराठीत, म्हणून ते इथल्या बायकांपर्यंत पोचू शकलं.

ज्येष्ठ सहकाऱ्यांशी पुस्तकांवरून वाद घालू नकोस. त्यांना जे माणसांचं कळतं ते तुला कळायला अजून वेळ लागेल. समेट होऊन परत आलेल्या बायकांच्या तीन जुन्या फायली काढ, दुपारच्या चहाच्या वेळी सगळे मिळून वाचा, आणि प्रत्येक फाईलवर एकच प्रश्न ठेव: पहिल्या भेटीत आपण हिला काय विचारलं नव्हतं? जी उत्तरं येतील त्यांचे रकाने करून पुढच्या महिन्यापासून अर्जात घाला.